अंडी उबवायची नाहीत, थंड ठेवायची आहेत

प्रश्न : माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बिअर्डेड ड्रॅगन सरड्यांची जोडी आणली. ९ एप्रिलला मादीने मोठ्या कुंडीतल्या मातीत २२ अंडी घातली. आम्ही ती काढून बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवली आणि वर ६० वॅटचा बल्ब लावला. त्याला आता आठवडा झाला. दोन अंडी खोल बसलीत, एक पिवळं पडलंय. माझे दीर वरणगावला पोल्ट्री चालवतात. ते म्हणतात, आमचं इन्क्युबेटर रिकामंच आहे, घेऊन जा, २१ दिवसांत मोकळे व्हाल. आमचं घर पहिल्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. दुपारी पंख्याखालीही बसवत नाही, आणि लाइटचा भरवसा नाही. पिल्लं निघतील का? नेमकं काय करावं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर :

ताई, पुढचं सावकाश वाचा, आधी तो बल्ब बंद करा. एप्रिलच्या मध्यात तुमच्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३५-३६ अंश सहज असतात. त्यात बंद खोक्यात ६० वॅटचा बल्ब म्हणजे अंड्यांपाशी चाळिशी पार. या सरड्याच्या अंड्यांना २८ ते ३० अंश लागतात, २९ सर्वांत सोयीचं. ३२ च्या वर गडबड सुरू होते आणि ३५-३६ च्या पुढे आतली पिल्लं मरायला लागतात. थोडक्यात, मार्च ते जून या काळात खान्देशात सरड्याची अंडी ‘उबवणं’ हा शब्दच फसवा आहे. ऊब फुकट आणि नको तेवढी मिळते. तुमचं सगळं काम ती थोपवायचं आहे.

दिरांचं इन्क्युबेटर नको. त्यांनी मनापासून सुचवलंय, पण ते यंत्र कोंबडीच्या अंड्यासाठी ३७.५ अंशांवर लावलेलं असतं आणि दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवतं. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पीळदार दोऱ्यांनी धरलेला असतो, त्यामुळे अंडं फिरलं तरी चालतं, किंबहुना फिरवावंच लागतं. सरड्याच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात. घातल्यापासून दिवसा-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला, कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबतो आणि मरतो. म्हणजे एकाला जे पोषक, ते दुसऱ्याला मारक. फिरवणारा ट्रे काढून टाकला आणि आकडा २९ वर आणला तरी अडचण उरतेच. असलं यंत्र फक्त तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीच ३७ असेल तर ते २९ आणणार कुठून? आणि २१ दिवस हा कोंबडीचा हिशेब झाला. तुमच्या अंड्यांना २९ अंशांवर साधारण ६० ते ७५ दिवस लागतील, म्हणजे जूनचा दुसरा किंवा तिसरा आठवडा उजाडेल.

आता आजचं काम. कापूस काढायचा. कापूस खान्देशाचं सोनं असलं तरी अंड्याखाली तो वैरी आहे. या सरड्याचं अंडं कोंबडीसारखं टणक नसतं. त्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं आणि आजूबाजूच्या ओलाव्यातून पाणी ओढून घेत ते वाढतं. नुकतं घातलेलं अंडं साधारण अडीच सेंटिमीटर लांब असतं, पुढे ते चांगलंच फुगतं. कोरडा कापूस उलट अंड्यातलंच पाणी शोषतो. तुमची दोन अंडी खोल बसली ती बहुधा याच कारणाने, त्यामुळे ती मेली असं लगेच धरू नका.

अंड्यांना हात लावण्यापूर्वी मऊ शिसपेन्सिलीने प्रत्येकाच्या वरच्या बाजूला एक ठिपका द्या. पेन किंवा मार्कर नको, शाई कवचातून आत झिरपते. मग हात धुऊन, दोन बोटांनी, ठिपका वरच ठेवून एकेक अंडं उचला. काही अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नका, तो गठ्ठा तसाच हलवा.

याच वेळी तपासणी करून घ्या. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या कडेला टेकवा. अंडं उचलून फिरवायची गरज नाही. आत गुलाबी उजेड आणि लाल बारीक शिरांचं जाळं किंवा कडं दिसलं तर अंडं जिवंत आहे. सातव्या-आठव्या दिवशी हे साध्या डोळ्यांना दिसतं. नुसता पिवळा, एकसारखा उजेड दिसला आणि शीर एकही नाही, तर अंडं बहुधा फोल आहे. पण शंका असेल तर आणखी आठवडाभर थांबून पुन्हा बघा. शिरा तुटक, तपकिरी आणि आतला भाग गढूळ दिसत असेल तर गर्भ सुरू होऊन मेलेला असतो. बल्बचा आठवडा पाहता अशी काही सापडतील, त्याची तयारी ठेवा. खोक्यातून आणताना एखादं अंडं गडगडलं आणि वरची बाजू कुठली ते कळेनासं झालं, तर शिरांचा तो लाल पट्टा जिकडे दिसतो ती बाजू वर करायची.

पिवळं पडलेलं अंडं दाबून न पाहता वास घ्या. सडका वास आला किंवा बाहेर पाणी सुटलं असेल तर ते काढून टाका. नसेल तर बाजूला, वेगळ्या छोट्या डब्यात ठेवा. अंड्याला एक संधी मिळते आणि बाकीची सुरक्षित राहतात.

अंडी ठेवायला स्वयंपाकघरातले झाकणाचे प्लास्टिकचे डबे चालतात, ३-४ लिटरचे दोन घ्या. दहा-अकरा अंडी एकात, उरलेली दुसऱ्यात. सगळी एकाच डब्यात नकोत, कारण बुरशी किंवा मुंग्या शिरल्या तर अर्धी तरी वाचतात. आत भरायला व्हर्मिक्युलाइट आणा. हे अभ्रकासारखं चमकणारं, स्पंजसारखं हलकं खनिज नर्सरीच्या दुकानात रोपांसाठी मिळतं. जरा जाड दाण्याचं घ्या, पिठासारखं बारीक नको. एका डब्याला २०० ग्रॅम कोरडं व्हर्मिक्युलाइट आणि २०० मिलिलिटर पाणी, म्हणजे वजनाला वजन. माप वाटीने नाही, काट्यावरच करा; व्हर्मिक्युलाइट इतकं हलकं असतं की वाटीला वाटी पाणी घातलं तर चिखल होतो. नीट कालवून मूठभर घट्ट पिळा. गोळा होईल पण थेंब पडणार नाही, एवढा ओलावा बरोबर. भुसावळकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात, तेव्हा जारचं किंवा आरओचं पाणी वापरा आणि ते फ्रीजमधलं नको.

नर्सरीवाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुढे करेल. ते स्वस्त आहे, पण पाणी फार धरतं आणि लवकर बुरशी धरतं, त्यामुळे अडीच महिन्यांच्या कामाला नको. तापीची वाळूही नको. ती पटकन वरून सुकते, खाली चिखल राहते आणि तिचा ओलावा मोजताच येत नाही. व्हर्मिक्युलाइट नाहीच मिळालं तर परलाइट (तसलंच हलकं, पांढऱ्या दाण्यांचं खनिज) चालेल, त्यातही पाणी वजनाला वजन.

डब्यात पाच सेंटिमीटरचा थर द्या, बोटाने खळगे करा आणि अंडी निम्मी बुडतील अशी, एकमेकांपासून दीड-दोन सेंटिमीटरवर ठेवा. पूर्ण पुरू नका, नाहीतर तुम्हाला ती दिसणार नाहीत. झाकणाला वरच्या बाजूला तापल्या सुईने चार-पाच भोकं पाडा, त्याहून जास्त नकोत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत जास्त भोकांचा डबा दोन दिवसांत वाळतो. डबा बंद करून अंड्यांसकट त्याचं वजन करा आणि तो आकडा झाकणावर लिहून ठेवा. (काटा स्वयंपाकाचा असेल तर वर पिशवी घाला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, हात आणि भांडी साबणाने धुवायची.) दर आठवड्याला पुन्हा वजन करा. २० ग्रॅम कमी झालं तर २० मिलिलिटर पाणी कडेने, अंड्यांवर न पडेल असं घाला. अंड्यांनी पाणी ओढलं तरी ते डब्यातच राहतं, त्यामुळे वजनातली घट म्हणजे बाहेर उडालेलंच पाणी. ओलाव्याच्या बाबतीत हा काटा कुठल्याही मीटरपेक्षा खरं बोलतो.

आता मुख्य प्रश्न, २९ अंशांचा. आधी जागा निवडा. पहिल्या मजल्याची स्लॅबखालची खोली या कामाला सर्वांत वाईट. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहतो. बाहेर वारा सुटतो तेव्हा तुमची खोली सर्वांत तापलेली असते. खाली कुणा नातेवाइकाची किंवा घरमालकाची आतली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली मिळत असेल तर ती मागून घ्या. गावाकडे धाब्याचं जुनं घर असेल तर फारच उत्तम. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि मातीचं धाबं यांमुळे आतलं तापमान दिवसभरात फार हलत नाही, आणि तुमचं निम्मं काम तिथेच होतं.

त्यानंतर कूलर. एप्रिल-मे कोरडा असल्याने आपल्याकडे पाण्याचा कूलर छान चालतो आणि खोली ३०-३२ वर आणतो. त्याची हवा डब्यावर थेट येऊ देऊ नका. पण कूलरवर सगळा भार टाकू नका: लाइट गेली की तो बंद, आणि हवेत दमटपणा वाढला की त्याची धार जाते.

म्हणून खरी राखण थर्माकोलच्या खोक्यावर सोपवायची. मासळी किंवा औषधांच्या पार्सलचा ४-५ सेंटिमीटर जाड भिंतींचा खोका घ्या, साधारण ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा. भंगारवाल्याकडचा बंद पडलेला एकदारी फ्रीज मिळाला तर तो याहून भारी. आत थर्माकोलची उभी फळी बसवून एक तृतीयांश भाग वेगळा करा. फळीच्या वर चार बोटं जागा मोकळी सोडा आणि खाली एक चौकोनी भोक पाडून त्यात संगणकातला ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवा. लहान भागात, ताटलीत, गोठवलेल्या पाण्याची दोन लिटरची बाटली उभी करायची. मोठ्या भागात अंड्यांचे दोन डबे, आणि त्यांच्या भोवती साध्या पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या तीन-चार बाटल्या. पंखा चालला की गार हवा खालून अंड्यांकडे येते आणि गरम हवा फळीवरून बर्फाकडे परतते. बाटलीला घाम येऊन ताटलीत पाणी साचतं, ते रोज ओतून टाका.

पंखा हाताने चालू-बंद करायचा नाही. एसटीसी-१००० नावाचा तापमान नियंत्रक ऑनलाइन सहज मिळतो. त्यात गार करणारा आणि तापवणारा असे दोन वेगळे स्विच असतात. वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या, त्याला २३० व्होल्टचा पुरवठा असतो. एफ-१ (हवं ते तापमान) मध्ये २९.०, एफ-२ (चालू-बंदमधला फरक) मध्ये ०.५, एफ-३ (पुन्हा सुरू होण्याआधी थांबायची मिनिटं) मध्ये १ एवढंच भरायचं. म्हणजे २९.५ ला पंखा सुरू होईल आणि २९ ला थांबेल. पंख्याचा अ‍ॅडॅप्टर ‘गार’ या बाजूला जोडा. नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, नाहीतर झाकण उघडताच पंखा सुरू-बंद करत बसेल. आणि अंड्यांच्या डब्यात खोल पुरूही नका, कारण तिथे गारवा उशिरा पोहोचतो आणि तोवर हवा नको तेवढी थंड होते. औषधाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी भरून सेन्सर त्यात बुडवा आणि बाटली डब्यांना चिकटून ठेवा. अंड्यांच्या पातळीवर डब्याच्या आत वेगळा, वायरीचा डिजिटल थर्मामीटर ठेवा. शेवटचा शब्द त्याचा. दोन्ही आधी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात धरून पाहा, शून्य दाखवायला हवं. नियंत्रक एखाद अंशाने चुकत असेल तर एफ-४ मध्ये ती चूक दुरुस्त करता येते. स्वस्त मापकांत दीड-दोन अंशांचा फरक निघणं नवीन नाही, आणि इथे दोन अंशांतच सगळा खेळ आहे.

बर्फ किती? बाहेर ३९ आणि आत २९ असताना वर सांगितलेला खोका दिवसभरात साधारण दोन किलो बर्फ वितळवेल एवढी उष्णता आत घेतो. झाकण नीट बसत नसेल तर तीन किलो. म्हणून दोन लिटरची एक बाटली सकाळी नऊला आणि एक संध्याकाळी सातला बदलायची, आणि फ्रीझरमध्ये आणखी दोन कायम गोठत ठेवायच्या. कूलरमुळे खोली ३२ वर असेल तर दिवसाला एक बाटलीही पुरते. बाटली पाऊण भरूनच गोठवा, नाहीतर फुटते. लाइट गेली तर घाबरून खोका उघडू नका. आतल्या सात-आठ लिटर पाण्यामुळे तासाभरात फारसं काही बिघडत नाही. लाइट लांबलीच तर पंखा १२ व्होल्टचा असल्याने जाणकार वायरमन तो इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जोडून देईल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कमी तापमान अंड्यांना थांबवतं, जास्त तापमान मारतं. एखाद्या रात्री आत २५ झाले तर पिल्लं थोडी उशिरा येतील, एवढंच. एखाद्या दुपारी ३७ झाले तर काही येणारच नाहीत. शंका आली की आकडा खालीच ठेवा.

३२ चा उल्लेख वर केला त्याचं कारण नुसतं मरण नाही. या सरड्यात नर-मादी ठरतात ते गुणसूत्रांवरून. नराची दोन्ही झेड, मादीचं एक झेड आणि एक डब्ल्यू. पण अंडी ३२ अंशांच्या वर राहिली तर जनुकांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात. ३६ च्या आसपास जवळपास सगळी. ऑस्ट्रेलियात, जिथला हा सरडा मूळचा, रानातही अशा माद्या सापडल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे. म्हणजे तुमच्या बल्बखाली तगलेल्यांत माद्या जास्त निघाल्या तर नवल नाही. लेपर्ड गेको (पालीच्या कुळातला पाळीव प्राणी) पाळणाऱ्यांनी मात्र हे आकडे उचलू नयेत. तिथे गुणसूत्रांचा प्रश्नच नाही, सगळं तापमान ठरवतं: २६ ला बहुतेक माद्या, साडेबत्तिसाच्या आसपास बहुतेक नर, ३४ च्या पुढे पुन्हा माद्या. आणि क्रेस्टेड गेकोची अंडी २२ ते २६ मागतात. मे महिन्यात एसीशिवाय भुसावळला तो नाद करूच नये.

रोजचं काम तसं थोडं. थर्मामीटर सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दहाला पाहून वहीत लिहा. दर तिसऱ्या दिवशी अंड्यांच्या डब्याचं झाकण अर्धा मिनिट उघडून वारा घाला. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लं मोठी झालेली असतात आणि त्यांना प्राणवायू जास्त लागतो, तेव्हा हे एक दिवसाआड करा. झाकणाला आतून पाणी साचून थेंब अंड्यांवर पडत असतील तर ते पुसून घ्या. एकाच जागी थेंब पडत राहिला तर अंडं तिथेच कुजतं.

अंड्याला खळगी पडली तर ती कधी पडली यावर सगळं आहे. पहिल्या महिन्यात पडली तर ओलावा कमी आहे. कडेने १०-१५ मिलिलिटर पाणी घाला, डब्यावर झाकणाखाली ओला टिश्यू ताणून ठेवा, दोन-तीन दिवसांत अंडं भरून येतं. तुमच्या त्या खोल बसलेल्या दोन अंड्यांना हाच उपाय. साठाव्या दिवसानंतर अंडं चिमलं, वर बारीक घामाचे थेंब आले, तर ती पिल्लं निघण्याची खूण आहे; तेव्हा पाणी मुळीच घालू नका. उलट अंडी टणटणीत फुगून पारदर्शक, पाणीदार दिसायला लागली तर ओलावा जास्त झालाय. झाकण तासभर तिरपं ठेवा.

बुरशी बहुधा फोल अंड्यावर धरते, आणि तिथून शेजाऱ्यावर जाते. जिवंत अंड्यावर पांढरा तंतू दिसला तर कोरड्या इअरबडने हलकेच पुसा आणि ते अंडं जरा लांब सरकवा, ठिपका वरच ठेवून. शिरा दिसताहेत तोवर अंडं टाकायचं नाही, कितीही मळकट दिसो.

मुंग्यांचा मात्र धाक बाळगा. लाल मुंग्या मऊ कवच एका रात्रीत फाडतात. खोका चार विटांवर ठेवा आणि विटा पाण्याच्या परातीत. मुंग्यांचा खडू, डासांची लिक्विड मशीन, कॉइल, डांबरगोळ्या, यांतलं काहीही त्या खोलीत नको. अंडं कवचातून श्वास घेतं, जे हवेत ते आत. झाकणाच्या भोकांवर बारीक जाळीचं कापड चिकटवा. चिलटांसारख्या माश्या सडक्या अंड्याच्या वासाने येतात आणि आत स्वतःची अंडी घालतात, मग अळ्या होतात.

जून लागला की गणित बदलतं. पहिला वळीव झाला की हवा दमट होते, कूलर खोली गार करायचं सोडून चिकट करतो आणि वादळात लाइट तासन्‌तास जाते. नेमका हाच काळ तुमच्या अंड्यांच्या शेवटच्या टप्प्याचा आहे. कूलर बंद करा, पंखा आणि बर्फाची बाटली चालू ठेवा, आणि बर्फासाठी पर्यायी घर आधीच ठरवून ठेवा. पावसाने खोली २७ वर आली तर काहीच करायची गरज नाही. हिवाळ्यातली अंडी असती तर उलट करावं लागलं असतं. डिसेंबरात पहाटे १०-१२ अंशांना उतरणाऱ्या हवेत हाच खोका, हाच नियंत्रक, फक्त ‘गरम’ बाजूला २० वॅटची हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) जोडून.

पिल्लू नाकाच्या टोकावरच्या छोट्या दाताने कवचाला चीर पाडतं आणि डोकं बाहेर काढून तासन्‌तास तसंच बसतं. कधी दीड-दोन दिवस. त्या वेळी ते पोटाशी उरलेला बलक ओढून घेत असतं. मदतीच्या भरात कवच कापलं तर रक्त जातं आणि बलकाची पिशवी फाटते. सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, दोन-तीन दिवसांचं अंतर पडतं. बाहेर आलेलं पिल्लू साधारण ९-१० सेंटिमीटरचं असतं. पोट कोरडं होईपर्यंत, एखादा दिवस, ते त्याच डब्यात राहू द्या. मग ओल्या टिश्यू पेपरच्या स्वच्छ डब्यात हलवा. वाळू नको, ती पोटात जाऊन अडकते. पहिले दोन-तीन दिवस ते खाणार नाही, बलकावर भागतं. त्यांना यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, ३८-४० अंशांची ऊन खायची एक जागा आणि २८-३० अंशांचा सावलीचा कोपरा, हे पहिल्या दिवसापासून लागतं.

आणि इथे खरी गोम आहे. एक पिल्लू दिवसाला २०-३० बारीक किडे सहज फस्त करतं, जास्तही. पंधरा पिल्लं जगली तर दिवसाला साडेचारशे रातकिडे, तेही त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसलेले, कॅल्शियमची पावडर लावून, तीन वेळा. कमी पडले की पिल्लं एकमेकांची शेपटी आणि बोटं तोडतात, म्हणून एका टबात तीन-चारांहून जास्त ठेवता येत नाहीत. तेव्हा मुलाला आत्ताच सांगा: मे महिना उजाडण्याआधी रातकिड्यांची पैदास घरी सुरू झालेली हवी, जूनमध्ये ऑर्डर देऊन भागणार नाही. केळीच्या बागेतले किंवा कपाशीतले नाकतोडे पकडून घालायचा मोह होईल. त्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असतं, दोन किड्यांत पिल्लू जातं. पाल्यात शेवग्याची कोवळी पानं, मेथी, लसूणघास बारीक चिरून द्या. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

जास्तीची पिल्लं कुणाला द्यायची हेही आत्ताच ठरवा. शेतात, नाल्यात किंवा यावलच्या जंगलात नेऊन सोडणं हा पर्याय नाही. परदेशी प्राणी आपल्या सरड्यांना रोग देतो किंवा स्वतः तडफडून मरतो. कागदपत्रांचं म्हणाल तर खरेदीची पावती जपून ठेवा. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. त्यांची, आणि त्यांच्या पिल्लांचीही, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. हिरवा इग्वाना त्यात येतो. बिअर्डेड ड्रॅगन साइट्सच्या पहिल्या-दुसऱ्या परिशिष्टात नाही. तरी पिल्लं दुसऱ्याला देण्यापूर्वी जळगावच्या वन विभागाच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. आणि हे सगळं फक्त घरी जन्मलेल्या, पाळीव सरड्यांपुरतं. पावसाळ्यात बागेत खणताना आपल्या साध्या सरड्याची अंडी निघाली तर ती जशी होती तशीच, त्याच बाजूने मातीत झाका.

आता मादीकडे बघा, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. २२ अंडी घालून तिचं अंग उतरलं असेल. तिला नरापासून वेगळं करा, दोन आठवडे रोज कॅल्शियम लावलेले किडे आणि भरपूर पाणी द्या. नर जवळ नसला तरी तिच्या पोटात आधीच्या मीलनातलं वीर्य साठलेलं असतं, त्यामुळे चार-सहा आठवड्यांत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, ती पुन्हा अंडी घालू शकते. कुंडीऐवजी ४५ बाय ३० सेंटिमीटरचा, २५ सेंटिमीटर खोल टब वाळू-मातीने भरून द्या, बोगदा खणला तर ढासळणार नाही इतपत ओला. ती दोन-तीन दिवस नुसती खणतेय, कुंथतेय, मागचे पाय ओढतेय आणि अंडी येत नाहीत असं दिसलं तर अंडी अडकलीत. तेल-मसाज करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या आणि जाण्याआधी फोन करून सरपटणारे प्राणी पाहतात का ते विचारा.

ती दुसरी खेप उबवू नका. पहिल्याच दिवशी, आत गर्भ आणखी वाढण्यापूर्वी, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन दिवसांनी पुरून टाका. बर्फाच्या बाटल्यांसाठी त्या फ्रीझरमध्ये जागा लागणारच आहे, तेव्हा पिशवी वेगळ्या खणात ठेवून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.